वाईला काशी करू नका

वाईच्या कृष्णाकाठाचं पुढे काय करायचं, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे लोक मुद्दा सोडून भांडू लागतात. एक बाजू म्हणते, वाई ही दक्षिण काशी, तेव्हा तिला काशीसारखं रूप द्या. घाट रुंद करा, रोषणाई करा, रोज महाआरती सुरू करा, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरला पळणाऱ्या गाड्या इथे दोन तास तरी थांबतील. दुसरी बाजू म्हणते, कशालाही हात लावू नका, आमचं गाव शांत आहे ते तसंच राहू द्या. पहिल्यांना वाटतं की दुसरे विकासाच्या आड येतात. दुसऱ्यांना वाटतं की पहिले गाव विकायला निघालेत. पण वाई म्हणजे घाट आणि देवळं, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेलं आहे. भांडण आहे ते फक्त त्या घाटांना रंग द्यायचा की नाही, एवढंच. माझं म्हणणं असं, की वाई देवळांचं गाव आहेच, पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत महाराष्ट्राला वाईनं जे दिलं ते देवळांतून आलेलं नाही. वाचणं, तपासणं, वाद घालणं आणि लिहून ठेवणं हे या गावाचं काम होतं. तेव्हा वाईच्या नावानं येणारा पहिला पैसा नदीच्या पाण्यावर आणि दुसरा ग्रंथ-कागदपत्रांवर खर्च व्हायला हवा. रोषणाईची पाळी सगळ्यांत शेवटी.

आधी पहिल्या बाजूचं ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य मोठं आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून सपाटीला लागते ती वाईच्या आसपास. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या, त्यांचे आपापले घाट, आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव निराळा. हे उत्सव माघापासून चैत्रापर्यंत एकामागून एक चालतात. एकाची पालखी उठते तोवर दुसऱ्या घाटावर मांडव पडलेला असतो. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून येताना त्याचा तळ इथेच होता. त्या संकटात कृष्णेला बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. पुढे पेशवाईत रास्ते घराणं वाईत पुढे आलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. १७५७ चं काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि १७६२ चा ढोल्या गणपती ही रास्त्यांचीच बांधकामं. एवढं वैभव ३६ हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाला मिळालेलं असताना ते लोकांना दाखवू नका, त्यातून चार पैसे कमवू नका, असं कोणी कुठल्या तोंडानं म्हणावं? मी तरी म्हणणार नाही.

पण ज्यांना या वैभवाच्या जोरावर घाट नव्यानं सजवायचे आहेत, त्यांनी एकदा ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूनं वळसा घालून पाहावं. समोरून दिसते ती एका दगडातली प्रचंड मूर्ती, आणि सगळे तिलाच हात जोडून परततात. मागची भिंत मात्र सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावा. बांधणाऱ्यानं नदीला मागे रेटलं नाही, की भिंत घालून कोंडलंही नाही. ती येणार हे धरून, तिला वाट ठेवून त्यानं देवाला जागा दिली. अडीचशेहून अधिक वर्षं ते देऊळ नदीच्या अगदी कडेला उभं आहे. आज घाट सुशोभीकरणाची जी चित्रं दाखवली जातात, त्यांत हा विचार कुठे दिसतो? त्या चित्रांतली नदी बारमाही, निळी आणि काठोकाठ भरलेली असते. पावसाळ्यात ती कशी येते, उन्हाळ्यात किती उरते, तिच्यात काय सोडलं जातं, याचा मागमूसही त्यांत नसतो. पूर्वजांचं नाव घेऊन काम करायचं असेल, तर आधी त्यांची अक्कल घ्यायला नको का?

काशीच्या उपमेचा आणखी एक परिणाम झाला आहे आणि तो मला जास्त सलतो. हिंदी चित्रपटांना उत्तरेतलं नदीकाठचं गाव हवं असलं की ते वाईला येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाईच्या आणि शेजारच्या मेणवली गावाच्या घाटांनी पडद्यावर कितीदा तरी बिहार आणि उत्तर प्रदेशचं सोंग घेतलं. त्यात गैर काही नाही. वाडे भाड्यानं जातात, लॉज भरतात, गर्दीच्या प्रसंगांत उभं राहणाऱ्या पोरांना दिवसाचे पैसे मिळतात, आणि लहान गावात हे पैसे लहान नसतात. पण मग येणारा पाहुणा विचारतो, ते अमुक गाणं कुठल्या पायरीवर झालं? आणि आपणही अभिमानानं ती पायरी दाखवतो. मेणवलीचा घाट नाना फडणिसांचा. तिथे वसईच्या मोहिमेतून आलेली, १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या त्या स्वारीचा एवढा मोठा पुरावा डोळ्यांसमोर असताना लोक तिच्याखाली उभे राहून पडद्यावरच्या गावाचे फोटो काढतात. सतत दुसऱ्याचं सोंग वठवणाऱ्या गावाला स्वतःचं तोंड सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर दोष चित्रपटवाल्यांचा नव्हे, आपला आहे.

ते तोंड कोणतं? १८९७ साली मुंबईत लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारनं ज्या लहान गावच्या पत्रांवर हात टाकला, त्यांत वाईचं ‘मोदवृत्त’ होतं. या गावात छापखाना होता, वर्तमानपत्र होतं आणि सरकारला खुपण्याइतकी त्याची धार होती. त्याच सुमाराला इतिहासाचार्य राजवाड्यांना पानिपताच्या काळातली अस्सल पत्रं सापडली ती वाईत, एका घरात. त्यांतून १८९८ साली त्यांच्या इतिहास-साधनांचा पहिला खंड निघाला. मराठ्यांचा इतिहास बखरींवरून न लिहिता मूळ कागदावरून लिहायचा, ही शिस्त महाराष्ट्रात ज्या कामातून रुजली त्याची सुरुवात या गावातली आहे. वाईत सहलीला आलेल्या किती मुलांना हे सांगितलं जातं? सांगण्यासारखी एक तरी पाटी कुठे दिसते का?

मग १९१६ साली नारायणशास्त्री मराठ्यांनी, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींनी, प्राज्ञपाठशाळा काढली. नाव पाठशाळा, पण रीत वेगळी. शास्त्र पाठ करून घरी जायचं नाही, ते आजच्या प्रश्नाला लावून पाहायचं. १९१७ साली विनोबा आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन बाहेर पडले होते, तेव्हा ते शास्त्राध्ययनाला इथेच, नारायणशास्त्र्यांकडे राहिले. त्या मुक्कामाचा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्रानं कळवला आणि त्यातला एक तपशील मला वाईच्या सगळ्या घाटांहून मोलाचा वाटतो. विनोबांनी वाईत विद्यार्थी मंडळ काढलं, त्याचं वाचनालय सुरू केलं आणि त्याला पैसे हवेत म्हणून मुलांना घेऊन जात्यावर दळण दळायला बसले. दोन शेर दळायचे, एक पैसा घ्यायचा आणि तो वाचनालयात टाकायचा. पंधराएक मुलं आणि त्यांच्यात विनोबा स्वतः. चांगल्या खात्यापित्या घरची मुलंही होती. गाव जुन्या वळणाचं, हायस्कुलातली मुलं ब्राह्मणांची. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. तरी दोनेक महिने जातं फिरलं आणि वाचनालयात चारशेच्या घरात पुस्तकं जमली. दळणाच्या पैशातून पुस्तकं उभी करणारं गाव म्हणून वाईची ओळख सांगायला आपल्याला लाज का वाटावी? काशीची उसनी ओळख याहून मोठी कशी?

याच पाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरहून आलेला एक मुलगा शिकला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांच्या संपादनाखाली धर्मकोशाचं काम इथे सुरू झालं आणि १९३७ पासून त्याचे भाग निघू लागले. केवलानंदांचा मीमांसाकोश इथला. ‘नवभारत’ मासिक इथलं. आणि शेवटी मराठी विश्वकोश. १९७६ साली त्याचा पहिला खंड आला, २०१५ साली विसावा. मधली जवळपास चार दशकं खगोलापासून खाटिकखान्यापर्यंत जगातल्या कुठल्याही विषयाची मराठी नोंद कशी असावी, तिला कुठला पारिभाषिक शब्द घ्यावा, कुठलं विधान तपासून घ्यावं, यावर तालुक्याच्या या गावात माणसं डोकं घालून बसली होती. मराठीला आधुनिक ज्ञानाची भाषा करण्याचा एवढा दीर्घ उद्योग मुंबईत झाला नाही, पुण्यातही झाला नाही. तो कृष्णाकाठी झाला. महाराष्ट्रात सुंदर घाट असलेली गावं पुष्कळ आहेत. विश्वकोश लिहिलेलं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

आता या मांडणीवरचा सगळ्यांत कठीण आक्षेप. हे ज्ञान कोणाचं होतं? ज्या आळीचं नावच ब्राह्मणशाही, त्या गावातल्या पाठशाळेत कोणाला प्रवेश होता? शतकानुशतकं ज्यांना घाटाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांच्या वंशजांना या ज्ञानपरंपरेचा अभिमान बाळगा असं सांगणं हा अन्याय नाही का? हा आक्षेप खरा आहे आणि तो गोड बोलून टाळता येत नाही. वाई हे सनातन्यांचं बळकट ठाणं होतं. विनोबांच्या पत्रातही गावाचं ते वळण स्पष्ट दिसतं. ज्या परंपरेनं बहुतेकांना दाराबाहेर ठेवलं तिचं नुसतं गौरवगान मी करणार नाही.

पण त्या घरात आत काय घडलं तेही पाहिलं पाहिजे. १९३२ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्र्यांशी झुंजत होते. तेव्हा अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रातूनच दाखवायला त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते वाईचे लक्ष्मणशास्त्री. पुढच्याच वर्षी पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न लागलं. वर वैश्य आणि वधू ब्राह्मण, म्हणजे जुन्या शास्त्र्यांच्या भाषेत प्रतिलोम विवाह, त्यांच्या दृष्टीनं सगळ्यांत निषिद्ध. तो विधिपूर्वक लावला तो याच शास्त्र्यांनी. हेच लक्ष्मणशास्त्री पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, म्हणजे रॉयवादी झाले, हिंदू धर्माची चिकित्सा करत राहिले. सनातनी किल्ल्याच्या आतून, किल्ल्यातलीच शस्त्रं घेऊन दरवाजा उघडणारी माणसं या गावानं दिली. त्यामुळे फुले-आंबेडकरांनी केलेलं काम लहान होत नाही आणि त्याची जागाही कोणी घेत नाही. पण परंपरेला आतून प्रश्न विचारण्याची ही रीत टाकून देण्यासारखी आहे का? आणि विश्वकोश तर पाठशाळेच्या उंबऱ्याबाहेरचा. तो सरकारी खर्चानं, म्हणजे सगळ्यांच्या पैशानं झाला, सगळ्यांसाठी झाला. आज त्याची कुठलीही नोंद कोणत्याही मुलाला फोनवर फुकट उघडता येते. त्या मुलाला घाटाची कुठली पायरी कोणाची होती हे विचारावं लागत नाही. काशीच्या धर्तीवर सजवलेला घाट मात्र कोणती आठवण जिवंत करेल? आरतीच्या चौथऱ्यावर कोण उभा असेल आणि खाली गर्दीत कोण? जातीच्या प्रश्नाची ज्यांना खरी चाड आहे, त्यांनी ज्ञानाच्या वाईपेक्षा तीर्थाच्या वाईबद्दल जास्त सावध राहायला हवं, असं माझं मत आहे.

शिवाय वाईची संस्कृती घाटापाशी संपत नाही. घाटरस्ता चढायला लागायच्या आधी पसरणी लागतं. राज्यगीत म्हणून २०२३ साली स्वीकारलेलं गीत ज्यांच्या आवाजानं घराघरांत गेलं, ते शाहीर साबळे त्या गावचे. वाईत मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून, आणि पंचक्रोशीतल्या बायाबापड्यांच्या पिढ्या तिथल्या खाटांवर बऱ्या होऊन घरी गेल्या. लक्ष्मणशास्त्री खानदेशातून आले, विनोबा कोकणातल्या गागोद्याचे, रास्त्यांचं मूळही कोकणात. बाहेरून आलेल्यांना राहायला, शिकायला आणि काम करायला जागा देणं हीच वाईची वृत्ती दिसते. दक्षिण काशी म्हणताना यातलं काय उरतं? मिशन हॉस्पिटल उरत नाही, शाहीर उरत नाही, छापखाना उरत नाही. उरतात पायऱ्या, कळस आणि दीपमाळा.

रोजगाराचा मुद्दा दुसऱ्या बाजूचे लोक हसण्यावारी नेतात, ते चुकतात. वाईचा तरुण पुण्याला जातो कारण इथे त्याला काम नाही. पर्यटनानं चार हॉटेलं, दहा टपऱ्या, वीस रिक्षा उभ्या राहत असतील तर त्याला कोश आणि दफ्तरं दाखवून गप्प बसवता येणार नाही. पण पर्यटनाचा कुठला नमुना आपण उचलतो आहोत? वाराणसीत विश्वनाथ धामासाठी तीनशेवर मालमत्ता घेऊन पाडल्या गेल्या, तेव्हा कुठे २०२१ साली तो प्रशस्त रस्ता उघडला. जागा पाहिल्यावर डोळे दिपतात, हे खरं. पण ज्या गल्लीमुळे काशी काशी होती ती गल्ली त्यात गेली. आपल्याकडे पंढरपुरात कॉरिडॉरचं नाव निघालं तर विरोधाला सगळ्यांत आधी उठले ते मंदिराभोवतीचे रहिवासी आणि दुकानदार, म्हणजे ज्यांचा रोजगार वाढणार असं सांगितलं जात होतं तेच. मधल्या आळीच्या रुंदीचा रस्ता जिथे आहे, तिथे गाड्यांचे तांडे आणायचे म्हणजे पहिल्यांदा काय पाडावं लागेल, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. आणि गर्दी म्हणजे काय असते हे याच तालुक्यानं पाहिलेलं आहे. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली. अरुंद वाट, उतार आणि न मोजलेली गर्दी एवढीच कारणं त्याला पुरली. घाट हाही उतारच आहे, आणि त्याच्या खाली पाणी आहे.

सुरूर फाट्यावरून आत वळून पाचगणीकडे जाणारी गाडी वाईत थांबली म्हणजे वाईला पैसा मिळतो, हेही तितकं सरळ नाही. ती गाडी आत्ताही वाईतूनच जाते. शनिवार-रविवारी तिच्यामुळे कोंडी होते, धूर होतो, कचरा पडतो. तासाभरासाठी थांबणारा माणूस चहा पितो, फोटो काढतो आणि मुक्कामाला वर जातो. मुक्कामी राहतो तो वेगळा माणूस. तो वाचायला येतो, शिकायला येतो, काही शोधायला येतो. महिना राहतो, खानावळीत जेवतो, खोलीचं भाडं देतो आणि पुढच्या वर्षी दोघांना घेऊन येतो. अशी माणसं लाखांनी येणार नाहीत हे मान्य. पण एवढ्या गावाला लाख माणसं हवीत कशाला?

आता नदी. कृष्णाबाईचे उत्सव ज्या श्रद्धेनं होतात, त्या श्रद्धेपुढे मी नमतो. मग त्या श्रद्धेनं पाण्याकडे पाहिलं का जात नाही? धोम धरण वाईच्या वरच्या अंगाला, जेमतेम काही किलोमीटरवर. त्यानं खालच्या तालुक्यांचं शिवार भिजवलं, ऊस आणि हळद दिली, आणि ते नको होतं असं कोणी शेतकरी म्हणणार नाही. पण धरणाचं पाणी दोन्ही कालव्यांनी वळतं आणि पात्रात उरतं ते सोडलेलं पाणी. पावसाळा सरला की घाटापुढची नदी वाहती कमी आणि साचलेली जास्त. त्या साचलेल्या पाण्यात गावाचं सांडपाणी आलं की जलपर्णी माजते, वास सुटतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे पात्रात उतरून प्लास्टिक आणि कपडे उपसणारे वाईकर आहेत. त्यांच्याइतकी नदीची सेवा कोणी करत नसेल, पण गटार वरून चालूच राहिलं तर खाली किती हात पुरे पडणार?

इथे नाशिककडे पाहावं. कुंभमेळ्यांच्या तयारीत रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या पात्राला, जुन्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. काठ टापटीप दिसू लागला आणि तळाचे जिवंत झरे बुजले. मग ते काँक्रीट काढा म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, न्यायालयाची पायरी चढावी लागली. घालायला पैसा आणि काढायलाही पैसा. अहमदाबादच्या साबरमतीचं उदाहरण तर सगळेच देतात. तिथे दिसणारं भरलेलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, हे मात्र सांगत नाहीत. वाईसाठी कुठली नर्मदा वळवणार आहोत? मलनिस्सारणाची व्यवस्था, धरणातून पात्रासाठी राखून ठेवलेला बारमाही प्रवाह आणि पूररेषेच्या आत एकही नवं बांधकाम नाही, एवढं झालं की घाट आपोआप देखणा होईल. हे न करता केलेली रोषणाई घाण पाण्यावरच पडणार.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण याच जागी आहे. शांतता त्यांना ठेवा वाटते. मला त्या शांततेत गाव रिकामं होताना दिसतं. वाड्यांची दारं बंद आहेत, वारस पुण्या-मुंबईत आहेत, पावसाळ्यागणिक एखादी भिंत खचते आणि नंतर तिथे तीन मजली इमारत येते. ज्या घरांनी राजवाड्यांना कागद दिले, तशा घरांच्या माळ्यावर अजून काय आहे, कोणी पाहिलं? नाना फडणिसांचं दफ्तर मेणवलीच्या वाड्यात होतं. आज ते मेणवलीचं नाव लावून पुण्यात आहे. पुण्यात ते सुरक्षित राहिलं, अभ्यासकांना मिळालं, हे चांगलंच झालं. पण ते इथे नाही याचा अर्थ इथे ते सांभाळण्याची सोय कोणी उभी केली नाही. काहीही न करणं हाही निर्णयच असतो, आणि त्याचा फायदा शेवटी बिल्डरलाच होतो.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो नव्या पिढीचा आहे. विश्वकोश आता इंटरनेटच्या जाळ्यावर आहे, नव्या नोंदी विद्यापीठांतली आणि संस्थांमधली ज्ञानमंडळं करतात, मग वाईचं काय काम? नोंद लिहायला कोणी वाईत असायलाच हवं असं नाही, हे कबूल. पण चाळीस वर्षांत जमलेला संदर्भग्रंथांचा साठा, संपादनाची शिस्त आणि एका ठिकाणी बसून शब्दाशब्दावर वाद घालायची सवय या गोष्टी जाळ्यावर चढवता येत नाहीत. धर्मकोशाचं उरलेलं काम, जुन्या छापखान्यांची पुस्तकं, घराघरांतली मोडी कागदपत्रं यांना जागा लागते, कपाटं लागतात आणि मोडी वाचणारी पोरं लागतात. पडायला आलेला एखादा वाडा नगरपरिषदेनं किंवा सरकारनं विकत घ्यावा, दुरुस्त करावा. तिथे मोडीचे वर्ग चालवावेत, कागद जतन करण्याचं काम शिकवावं, अभ्यासकाला महिनाभर राहता येईल अशा खोल्या काढाव्यात. प्रवेश पाठशाळेचा नव्हे, शाळेचा असावा, म्हणजे येईल त्या कोणालाही. वाईच्या पोरांना यातून हॉटेलातल्या नोकरीइतका पगार मिळेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर असं, की मोडी लिप्यंतर करणाऱ्यांना आज जमिनीच्या जुन्या नोंदींसाठी आणि जातीच्या दाखल्यांच्या पुराव्यासाठी गावोगाव शोधलं जातं, आणि ते पुरेसे मिळत नाहीत.

सांडपाण्याचा प्रकल्प घाटावरच्या दिव्यांपेक्षा महाग पडेल. त्याचं उद्घाटन फिकं होईल आणि त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायला कोणी पाहुणा येणार नाही. तरीही वाईच्या नावानं निघणारी पहिली निविदा त्याचीच असली पाहिजे, आणि दुसरी त्या वाड्याच्या दुरुस्तीची.